झोपलेला कॉम्प्युटर आणि जागा यूपीएस

बंद केलेला कॉम्प्युटर किती वीज खातो, हा प्रश्न पडायला आधी वीज सलग असावी लागते. अंबाजोगाईत मी डीटीपीचं दुकान टाकलं तेव्हा ती नव्हती. २००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण वेगळी झाली आणि पुढची सहा-सात वर्षं आमच्याकडं भारनियमनाचीच गेली. ज्या भागात गळती जास्त आणि वसुली कमी, तिथं अंधार जास्त. त्याचे ए, बी, सी, डी असे गटच पाडलेले होते. आपला गट कोणता हे कुणाला विचारावं लागत नसे. आजूबाजूच्या खेड्यांत तर बारा-बारा तास लाईट नसायची, आणि यायची तीही अशा आडवेळी, की पिठाच्या गिरणीवाल्यानं झोपेतून उठून पट्टा चढवावा.

त्या दिवसांत कॉम्प्युटरच्या अवस्था दोनच होत्या: चालू, आणि लाईट गेली. शटडाऊनच्या शेजारी 'स्टँडबाय' लिहिलेलं असायचं, पण ते दाबायचं धाडस कोण करणार? लग्नसराईत एकेका पत्रिकेवर निमंत्रक म्हणून अख्खी भावकी, वर 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली. श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, ती नावं बसवताना दर ओळीला बोटं आपोआप कंट्रोल-एसवर, म्हणजे सेव्हवर, जायची. अजून जातात. मोबाईलवर मेसेज लिहितानासुद्धा माझ्या डाव्या हाताची करंगळी काहीतरी शोधत असते.

आता गावात लाईट जाते ती वळवाच्या वाऱ्यात, डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, जळाली तर, किंवा दुरुस्तीच्या दिवशी. (शेतीपंपांचं तंत्र अजून वेगळंच आहे. पाळी दिवसाची की रात्रीची, यावर घरादाराची झोप ठरते. त्यावर लिहायला बसलो तर हा लेख तिकडंच जाईल.) दुकानापुरतं बोलायचं तर वीज बऱ्यापैकी सलग झाली, आणि मग ती कुठं कुठं झिरपते हे बघायची सवड मिळाली.

सुरुवात तात्यांनी केली. माझे वडील. संध्याकाळी दुकानात येऊन बसतात आणि उठताना भिंतीवरची बटणं एकेक करून बघतात. त्यांच्या पिढीला बटण खाली म्हणजे चालू आणि वर म्हणजे बंद, एवढं स्वच्छ माहीत. कॉम्प्युटर शटडाऊन झाल्यावरही माउसचा लाल उजेड टेबलावर पडलेला त्यांना दिसला.

"बंद केलास ना रं?"

"केला की."

"मग ह्ये काय जळायलंय?"

याचं उत्तर एका जांभळ्या वायरीत आहे. जुने कॉम्प्युटर, म्हणजे एटी पद्धतीच्या पॉवर सप्लायचे, खरोखर बंद व्हायचे. समोरचं जाड बटण खटकन दाबलं की २३० व्होल्टची वाटच तुटायची. म्हणून तर विंडोज ९५ आपलं आवरून झालं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत सांगायचं, की आता मशीन बंद करायला हरकत नाही. बंद करण्याचं काम माणसाचं होतं. त्याच १९९५ साली इंटेलनं एटीएक्स नावाची रचना आणली आणि समोरचं बटण नुसतं विनंती करणारं झालं. ते दाबलं की मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य पाटीला, इशारा जातो, आणि मदरबोर्ड पॉवर सप्लायला सांगतो की सुरू हो. पण इशारा ऐकायला मदरबोर्डचा एक कोपरा तरी जागा हवा. त्यासाठी एटीएक्स सप्लायमधून पाच व्होल्टची एक जांभळी वायर कायम जिवंत ठेवलेली असते. भिंतीवरचं बटण चालू आहे तोवर ती जिवंत. आमचे रिपेअरवाले हिरवी आणि काळी वायर स्टेपलच्या पिनेनं जोडून सप्लाय तपासतात, ते मदरबोर्डच्या नावानं दिलेला खोटा इशारा असतो. जांभळीला मात्र कुणाच्या इशाऱ्याची गरज नाही. माउसचा दिवा, कीबोर्ड, नेटवर्क कार्ड हे सगळे तिच्यावर रात्र काढतात. नेटवर्क कार्डाला तर वायरीतून ठरावीक संदेश आला की ते अख्ख्या मशीनला उठवू शकतं. म्हणजे बंद मशीनचा एक कान रात्रभर उघडा.

तात्यांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं, लाल उजेड गेला, आणि त्यांच्यापुरता विषय मिटला.

माझा मिटला नाही. १९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तिघांनी मिळून एसीपीआय नावाचा नियम केला. कॉम्प्युटर चालू आणि बंद यांच्यामध्ये कुठं कुठं थांबू शकतो, त्याच्या पायऱ्या त्यात ठरवल्या आहेत. त्यातल्या तीनच आपल्या कामाच्या. एस-तीन म्हणजे आपली स्लीप: प्रोसेसर बंद, पंखे बंद, हार्डडिस्क बंद, फक्त रॅमला, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीला, वीज. एस-चार म्हणजे हायबरनेट: रॅममधलं सगळं हार्डडिस्कवर उतरवून ठेवायचं आणि रॅमचीही वीज काढून घ्यायची. एस-पाच म्हणजे शटडाऊन, ज्यात जांभळी वायर तेवढी शिल्लक.

स्लीपमध्ये रॅमला वीज का लागते, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं, आणि कळलं तेव्हा गंमत वाटली. रॅममधला एकेक बिट म्हणजे एक सूक्ष्म कपॅसिटर, विजेचा भार साठवणारी इवलीशी टाकी, आणि दार उघडझाक करायला तिच्या तोंडाशी एक ट्रान्झिस्टर. ही कल्पना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची, तिचं पेटंट १९६८ चं. रचना इतकी साधी, की बोटाएवढ्या चिपवर अब्जावधी बिट मावतात. पण कपॅसिटर गळतो. त्यातला भार काही क्षणांत ओसरायला लागतो, आणि एक होता की शून्य हे कळेनासं होतं. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ वाचायची आणि होती तशी पुन्हा भरायची. सेकंदाला पंधरा वेळा. तुम्ही जेवायला गेलात, वामकुक्षी घेतलीत, तेवढा वेळ अर्धवट पत्रिकेतली मावशी आणि तिची चिल्लीपिल्ली सेकंदाला पंधरा वेळा पुन्हा पुन्हा लिहिली जात असते. एकदा लाईट गेली की लिहिणं थांबतं आणि सगळं पुसलं जातं.

एवढी धडपड म्हटल्यावर खर्चही मोठा असेल असं वाटतं. तसा नाही. झोपेतल्या रॅमला एक वॅटचाही लहानसा हिस्सा पुरतो. साधा डेस्कटॉप स्लीपमध्ये दोन-तीन वॅट घेतो, त्यातला बराचसा भाग पॉवर सप्लायचाच असतो. तीनशे-चारशे वॅट द्यायला बनवलेल्या सप्लायकडून दोन वॅट घेताना त्याचं स्वतःचं भागवणंच जड पडतं. शटडाऊनमध्ये आकडा अर्ध्या वॅटपासून दीड-दोन वॅटपर्यंत. लॅपटॉप झोपेत साधारण अर्धा ते एक वॅट.

हे आकडे पुस्तकातले. आपल्या मशीनचे किती, हे बघावंसं वाटणारच. ओळखीच्या वायरमनला विचारलं, तर त्यानं प्रवाह मोजणारा टाँग टेस्टर काढून वायरीला चिमटा लावला. काट्याऐवजी आता आकडा येतो. ०.०७ अँपिअर. त्यानं तोंडी गुणाकार केला: "दोनशे तीस गुनिले शून्य पॉइंट शून्य सात, सोळा वॅट. लई खातंय बगा तुमचं." सोळा वॅट म्हणजे पुस्तकी आकड्याच्या कितीतरी पट. त्याचा गुणाकार बरोबर होता, पण त्यातून निघतात ते वॅट नसतात. इतक्या कमी भारावर पॉवर सप्लायमध्ये जाणारा प्रवाह बहुतेक करून तिथल्या फिल्टरच्या कपॅसिटरांत येऊन परत फिरणारा असतो, म्हणजे व्होल्टेजच्या पुढं धावणारा. तो वायरीतून ये-जा करतो, काम करत नाही. टाँग टेस्टरला ये-जा दिसते. घरगुती मीटर मात्र झालेल्या कामाचाच हिशोब ठेवतो, आणि आपल्या बिलाशी त्याचाच संबंध.

मग मीटरलाच विचारलं. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या तोंडावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी आकडा लिहिलेला असतो. माझ्या मीटरवर ३२०० आहे, म्हणजे ३२०० लुकलुकी झाल्या की एक युनिट, हजार वॅट तासभर. तुमच्यावर १६०० किंवा ६४०० असेल. ३२०० च्या मीटरला दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्यांनी भागा. उत्तर थेट वॅटमध्ये येतं. १६०० च्या मीटरला २२५० घ्यायचे. याला कुठलंही यंत्र विकत घ्यावं लागत नाही, मोबाईलचं स्टॉपवॉच पुरतं.

एक मेख आहे. अगदी थोडा भार मीटरला जाणवेलच असं नाही. जुन्या चकतीच्या मीटरची चकती तर दोन-तीन वॅटला घर्षणानं हलायचीच नाही, आणि इलेक्ट्रॉनिक मीटरलाही मोजणी सुरू करायला किमान प्रवाह लागतो. म्हणून कॉम्प्युटरला एकट्याला मोजायचं नाही, जोडीला एक बल्ब ठेवायचा. दुकानात बाकी सगळं बंद करून नुसता नऊ वॅटचा एलईडी बल्ब लावला, तेव्हा दिवा सव्वाशे सेकंदांनी लुकलुकत होता. ११२५ भागिले १२५, नऊ. बल्बवाल्या कंपनीनं खरं लिहिलंय. मग शटडाऊन केलेला कॉम्प्युटर जोडला: ११० सेकंद. म्हणजे दहा वॅटच्या थोडं वर, पैकी कॉम्प्युटरचा सव्वा. स्लीपमध्ये टाकला: ९८ सेकंद. म्हणजे अडीच वॅट. रात्री शटर अर्धं ओढून मीटरसमोर मोबाईल धरून बसलेल्या माणसाकडं रस्त्यावरून जाणारे कसे बघतात, ते सांगत नाही.

अडीच वॅट. दुकान बंद असतं ते चौदा तास रोज धरले तर वर्षाला तेरा युनिटसुद्धा भरत नाहीत. युनिटला सोपेपणासाठी दहा रुपये धरा, सव्वाशे-एकशेतीस रुपये. वर्षाचे. एवढ्यासाठी मी दिवा मोजत बसलो होतो का, असं वाटून उठणार होतो. तेवढ्यात लक्षात आलं, की मोजायला सोपं जावं म्हणून मी कॉम्प्युटर सरळ भिंतीतल्या पिनेला लावला होता. रोज तो तिथं नसतो. रोज तो यूपीएसवर असतो, म्हणजे लाईट गेली की काही मिनिटं वीज पुरवणाऱ्या बॅटरीच्या डब्यावर.

यूपीएसमधून जोडून पुन्हा मोजलं. ४८ सेकंद. साडेतेवीस वॅट. त्यातून बल्बचे नऊ आणि झोपलेल्या कॉम्प्युटरचे अडीच वजा केले की उरतात बारा. म्हणजे अडीच वॅटची राखण करायला बारा वॅट. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते समोर लाल दिव्यात लुकलुकत होतं.

हा माझ्या यूपीएसचा आकडा. तो जुना आहे, बॅटरीही उतरायला आलेली. नवा चांगला असेल तर पाच-सात वॅटवर भागेल, आणि त्याहून थोराडही असतील. पण लाईट असताना काहीही न करणारा यूपीएस काहीच घेत नाही, हे खरं नाही. आतला ट्रान्सफॉर्मर गरम राहतो, बॅटरी भरलेली असली तरी तिला थोडं थोडं पाजत राहावं लागतं. समोरचं बटण दाबून बंद केला तरी बहुतेक यूपीएस भिंतीतून वीज येईतोवर बॅटरी चार्ज करतच राहतात. घरचे इन्व्हर्टर याच जातीचे, फक्त पोट मोठं. बारा वॅट चोवीस तास म्हणजे वर्षाला १०५ युनिट. झोपलेल्या कॉम्प्युटरच्या आठपट.

यूपीएस घेतला त्या भारनियमनाच्या काळात तो चैन नव्हती. तीन मिनिटं मिळाली की फाईल सेव्ह होत होती. आता लाईट क्वचित जाते, पण ती जाईल हा धाक गेलेला नाही, आणि या धाकाचं बिल दर महिन्याला येतं. बाहेरच्या देशांतले लेख वाचले की चार्जर काढा, टीव्ही स्टँडबायवर ठेवू नका, असं सगळं असतं. आमच्या भागातलं खरं खातं वेगळं आहे. इथं झोपेला लागते त्याहून जास्त वीज अविश्वासाला लागते. घरोघरी इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, यूपीएस. सगळे लाईट असताना लाईट जायची वाट बघत उभे, आणि उभ्या उभ्या खाणारे.

स्टँडबायच्या विजेची ओरड अमेरिकेत झाली. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतले ॲलन मायर यांनी १९९८ मध्ये सुचवलं, की कुठल्याही उपकरणानं स्टँडबायवर एक वॅटहून जास्त घेऊ नये. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं पुढच्या वर्षी ते उचललं. २००१ मध्ये अमेरिकी सरकारनं आपल्या खरेदीसाठी तशी अट घातली. युरोपनं २०१० पासून नियमच केला, आणि २०१३ पासून बंद अवस्थेतली मर्यादा अर्ध्या वॅटवर आणली. श्रीमंत देशांतल्या घरांत तेव्हा एकूण विजेच्या पाच ते दहा टक्के अशी बसल्या जागी जात होती. आज आपल्या हातातला मोबाईलचा चार्जर मोबाईल न लावता पिनेत राहिला तरी जेमतेम वॅटचा दहावा हिस्सा घेतो, तो या दट्ट्यामुळं. पूर्वीचे लोखंडी गाभ्याचे जड चार्जर हाताला कोमट लागायचे, ते दोन-तीन वॅट सहज घ्यायचे. म्हणून चार्जर काढला नाही तर पोरांवर ओरडण्यात आता फार अर्थ नाही, असं माझं मत आहे. तात्यांना ते मान्य नाही.

आणि आपल्याकडं प्रत्येक पिनेला स्वतःचं बटण असतं, हेही लक्षात घ्यायला हवं. अमेरिकेतल्या बहुतेक घरांत ते नसतं. तिथं टीव्ही पूर्ण बंद करायचा तर पीनच उपसायची. त्यांना एक वॅटची अट घालावी लागली, तात्यांना नुसतं बोट उचलावं लागतं.

पण तात्यांच्या बोटाची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागली. कॉम्प्युटरच्या पोटात रुपयाएवढी एक बटणबॅटरी असते, सीआर-२०३२. सगळी वीज तोडली तरी घड्याळ तिच्यावर चालू राहतं. पिनेत वीज असेल तेव्हा घड्याळाला जांभळी वायर सांभाळते आणि बटणबॅटरी जपून राहते. रोज रात्री बटण बंद, म्हणजे रोज रात्री घड्याळाचा भार तिच्यावर. ती काही वर्षं तरी काढते, पण संपते लवकर. संपली, की सकाळी मशीन उठतं ते भलत्याच सालातल्या १ जानेवारीला. तारीख चुकली की ब्राउझरला कुठल्याच संकेतस्थळाचं प्रमाणपत्र पटत नाही, आणि सातबारा काढायला आलेला माणूस समोर उभा असताना पोर्टल 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून दार लावून घेतं. तीस-चाळीस रुपयांची बॅटरी. ती बदलायला मात्र कॅबिनेट उघडावं लागतं आणि आत साचलेला अख्खा उन्हाळा अंगावर येतो.

माझ्या भाचीचा प्रश्न याच्या उलट. ती छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीला एसटीनं आली, गेवराई, बीड, मांजरसुंबा, केज करत, आणि बॅग उघडली तर लॅपटॉप तव्यासारखा तापलेला, बॅटरी संपलेली. "मामा, मी तर झाकण लावून ठेवला होता." झाकण लावलं म्हणजे झोपला, हे जुन्या लॅपटॉपचं झालं. २०१२ साली विंडोज ८ बरोबर नवी झोप आली, आता तिला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. यात मशीन एस-तीनपर्यंत उतरतच नाही. ते एस-शून्यातच, म्हणजे चालूच असतं, फक्त सगळे भाग शक्य तितके मंद केलेले. कल्पना मोबाईलवरून घेतलेली: पडदा बंद, पण मेल येत राहावी आणि बोट लावताच उठावं. सगळं जमून आलं तर वीज थोडीच लागते. पण मधेच एखादं अपडेट जागं झालं, एखादा ड्रायव्हर झोपू देईना झाला, तर बंद बॅगेत पंख्याला हवा नाही आणि मशीन उकळतंय. कित्येक नव्या लॅपटॉपमध्ये जुनी एस-तीनची झोप कंपन्यांनी काढूनच टाकली आहे. मला हा बदल आवडलेला नाही. दोन सेकंद लवकर उठण्यासाठी रात्रभर अर्धवट जागं राहायचं, हा कुठला सौदा? भाचीला सांगितलं, प्रवासाला निघताना हायबरनेट कर. ते मेनूत लपवून ठेवलेलं असतं, सेटिंगमध्ये जाऊन आणावं लागतं.

हायबरनेट ही आमच्यासारख्यांसाठीच केलेली सोय आहे, असं मला कायम वाटत आलंय. एकदा रॅम डिस्कवर उतरली की लाईट जावो, बॅटरी काढा, पावसाळा संपू द्या. उघडाल तेव्हा पत्रिका जिथं सोडली तिथंच. व्हिस्टापासून डेस्कटॉपला हायब्रिड स्लीपही मिळाली: झोपतानाच एक प्रत डिस्कवर लिहून ठेवायची आणि रॅमलाही वीज चालू ठेवायची. लाईट टिकली तर पटकन उठतं, गेली तर डिस्कवरून उठतं. व्हिस्टाला लोकांनी नावं ठेवली, पण हे एक काम तिनं चोख केलं. ते आमच्या उपयोगी पडायला हवं होतं तेव्हा आमची मशीनं एक्सपीवर होती, ही गोष्ट निराळी. आणि विंडोज ८ पासून तर साधं शटडाऊनसुद्धा पूर्ण शटडाऊन राहिलं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा हायबरनेट होऊन डिस्कवर जातो. मशीन खरोखर नव्यानं सुरू व्हावं असं वाटत असेल तर रीस्टार्ट करावं लागतं.

आता वाया जाणारी मोठी वीज. ती या झोपेत नाहीच. ती काहीही न करता नुसत्या चालू राहिलेल्या मशीनमध्ये आहे. माझा कॉम्प्युटर मॉनिटरसकट रिकामा बसला तरी साठेक वॅट घेतो, झोपेच्या चोवीसपट. २०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा आला, आणि जुलैच्या शेवटी दुकानापुढं पहाटेपासून रांगा. दिवसा पोर्टल सरकायचं नाही, म्हणून रात्रभर मशीन चालू. त्याला इलाज नव्हता. पण हंगाम उलटल्यावरही तीच रीत कायम राहिली: कशाला बंद करायचं, सकाळी पुन्हा चालू व्हायला वेळ लागतो, चालू होताना म्हणे जास्त वीज लागते. मोटारीला सुरुवातीला जास्त प्रवाह लागतो हे खरं, त्यावरून हा समज आला असावा. कॉम्प्युटरला सुरू व्हायला एखादं मिनिट, ऐंशी वॅट धरा. तेवढ्या विजेत तो अर्धा तास झोपू शकतो. शटडाऊन आणि स्लीपमधला फरक सव्वा वॅटचा, म्हणजे तासाभराहून जास्त वेळ जाणार असाल तर बंद करणं परवडतं, जेवायला जाणार असाल तर झोपवणं. नुसता ठेवून जाणं कशातच बसत नाही. रात्रीचे चौदा तास साठ वॅटनं वर्षाला तीनशे युनिट होतात. आणि स्क्रीनसेव्हरनं वीज वाचत नाही. तो जुन्या काचेच्या मॉनिटरवर चित्र उमटून राहू नये म्हणून होता. मासे पोहत असले तरी वीज पूर्ण जातेच.

युनिट म्हटलं की आमच्याकडं डोळ्यांपुढं परळी येते. इथून पंचवीसेक किलोमीटर. १९७१ पासून तिथं वीज बनते, आणि ते केंद्र पाण्यावाचून बंद पडल्याचंही आम्ही पाहिलंय. २०१३ च्या फेब्रुवारीत सगळे संच थांबले. कोळसा होता, पाणी नव्हतं. २०१५ मध्ये पुन्हा तेच. आपल्याकडच्या औष्णिक केंद्रात एका युनिटमागं सहा-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. पाण्यासाठी केंद्र सरकारनं २०१५ च्या डिसेंबरात मर्यादा घातली, कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना युनिटमागं साडेतीन लिटर. त्या हिशोबानं माझ्या यूपीएसच्या १०५ युनिटांना साडेतीनशे लिटरच्या वर पाणी लागतं. माझ्या दुकानातली वीज परळीचीच असते असं नाही. ग्रीडमध्ये कोळसा, पाणी, वारा, ऊन सगळं मिसळलेलं असतं, आणि कुठला वॅट कुठून आला हे कुणी सांगू शकत नाही. तरी २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी लातूरला आलेलं ज्यांनी बघितलंय, त्यांना युनिटापेक्षा लिटर लवकर कळतात. तात्यांना बारा वॅटचं काही वाटलं नाही. साडेतीनशे लिटर म्हटल्यावर त्यांनी यूपीएसकडं नीट वळून बघितलं.

तेव्हापासून दुकानाची रीत बदलली. दुपारी हायब्रिड स्लीप. रात्री हायबरनेट, मग यूपीएस समोरून बंद, मग भिंतीवरचं बटण. सीआर-२०३२ ची एक पट्टी ड्रॉवरमध्ये आणून ठेवलीय.

मग एका रात्री सगळं बंद करून बल्बही काढला आणि सहज मीटरकडं बघितलं, तर लाल दिवा मजेत लुकलुकतोय. राउटर आणि कॅमेरे. मोजताना मी त्यांच्याही पिना काढत होतो, म्हणून ते हिशोबात आलेच नव्हते. राउटर आठ वॅट, तो रात्री काढता येतो, काढलाही. पण कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, त्याची फिरती हार्डडिस्क आणि चार कॅमेरे मिळून तीस वॅट, दिवसरात्र, वर्षाला २६० युनिट. कॉम्प्युटर, यूपीएस, राउटर, सगळ्यांचा मिळून काटकसरीनं वाचवलेला आकडा त्यात दोनदा बुडतो. शिवाय त्याला झोपवता येत नाही, कारण त्याचं काम रात्रीचंच. मेमरी कार्डवर रेकॉर्ड करणारा एकच कॅमेरा लावून बघायचा विचार आहे, त्याला पाचेक वॅट पुरतात. कार्ड किती महिने टिकतं, हे बघायचं राहिलंय. तात्यांना विचारलं.

"त्यापरीस कुत्रं पाळ," ते म्हणाले, आणि बटणं बघायला उठले.